प्लेट इतक्यात मोडीत काढू नका

जंतूंचा डीएनए वाचणारं सिक्वेन्सिंग आलं की जंतू उगवून बघायची पेट्री प्लेट इतिहासजमा, असं कारखान्यातले जंतू शोधण्यावरच्या तुमच्या लेखात म्हटलंय. जरा दमानं घ्या. मी दिंडोरीकडच्या एका वायनरीच्या लॅबमध्ये आहे. आमचा जुना शत्रू ब्रेटॅनोमायसेस हे यीस्ट. पिंपात शिरलं की रेड वाइनला घोड्याच्या तबेल्याचा वास. वाइन आंबवणारं नेहमीचं यीस्ट दाबायला प्लेटवरच्या माध्यमात सायक्लोहेक्सिमाइड हे रसायन घालून प्लेट लावायची आणि आठवडा-दहा दिवस वाट बघत बसायचं. त्यातही सल्फाइटचा (वाइन टिकवायला घालतात ते रसायन) मार खाल्लेल्या पेशी जिवंत असूनही प्लेटवर उगवत नाहीत. तिथे डीएनए तपासणी खरंच कामाला येते, हे शंभर टक्के मान्य.

पण मेलेल्या पेशीचाही डीएनए मागे उरतोच! टाकी कॉस्टिक सोड्याने धुतल्यावर रिपोर्टमध्ये नाव आलं, म्हणजे जंतू जिवंत आहे असं नाही. शिवाय लेखात सोळा-एस (16S) जनुक वाचण्याचा गवगवा आहे, पण ते जनुक बॅक्टेरियाचं. यीस्ट-बुरशीसाठी डीएनएचा आयटीएस नावाचा भाग वाचावा लागतो.

खरा फायदा पूर्ण जीनोम, म्हणजे जंतूचा सगळा डीएनए, वाचण्यात आहे. बाटली भरायच्या मशिनच्या रबरी गॅस्केटखाली ठाण मांडून बसलेला स्ट्रेनच (जंतूचा तोच वाण) दरवेळी निघतोय, की द्राक्षांबरोबर नवा येतोय, हे त्यातून उलगडतं. दक्षिण आफ्रिकेतली 2017-18 ची लिस्टेरिया या जंतूच्या साथीचा माग असंच जीनोम जुळवून एका मांस कारखान्यापर्यंत काढला गेला.

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या छोट्या युनिटवाल्यांनी स्वॅब (पुसून घ्यायचा नमुना) नेमका कुठून घ्यायचा, यावर एक लेख येऊ द्या की!