पायाळूची लाथ आणि मणक्याचा ‘गॅप’

पुन्हा तोच मेसेज. या वेळी तो गल्लीतल्या विडी वळणाऱ्या मावशींच्या फोनवर पोचला आणि त्यांनी सोमवारची तपासणी रद्द केली. डाव्या पायाचा अंगठा वर उचलता येत नसताना! मेसेज म्हणतो: ‘मणक्यात गॅप पडला तरी ऑपरेशन करू नका, माणूस लुळा होतो. पायाळू (जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या) माणसाची लाथ घ्या, तीन महिने झोपून राहा, गॅप भरतो. डॉक्टर एमआरआय दाखवून घाबरवतात.’

मुळात गॅप पडतच नाही. वयाबरोबर दोन मणक्यांमधल्या गादीतलं (डिस्कमधलं) पाणी आटतं, ती चपटी होते आणि दोन मणक्यांतलं अंतर उलट कमी होतं. मग भरायचं काय? गादी ‘सरकते’ हेही बोलण्यापुरतंच. तिचं बाहेरचं कडं चिरतं आणि आतला गर बाहेर येऊन नस दाबतो. मांडीवर विड्यांचं सूप घेऊन दिवसभर वाकून बसलं की गादीवरचा दाब वाढतो, तो वेगळाच.

लाथेचं म्हणाल तर उसण म्हणजे बहुतेक वेळा आखडलेला स्नायू. तो काही दिवसांत आपणहून सुटतो, श्रेय पायाळूला. पण हाडं ठिसूळ झालेल्या साठीतल्या बाईच्या कमरेत लाथ बसली तर मणका चेपू शकतो. रात्रीचं दुखणं, संध्याकाळची कणकण आणि उतरणारं वजन असेल तर मणक्याचा टीबी असू शकतो. अशा पोखरलेल्या मणक्यावर लाथ मारणार?

आता ‘लुळा होतो’. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. गादीचा त्रास बहुतेक त्याच्या खाली, एल-4–एल-5 किंवा एल-5–एस-1 या जागी, म्हणजे कमरेच्या अगदी तळाच्या मणक्यांमध्ये असतो, आणि तिथे नसांचे सुटे धागे असतात. मायक्रोडिस्केक्टॉमी या गादीच्या ऑपरेशनात साधारण 3 सेंटिमीटरचा छेद घेतात, मायक्रोस्कोपमधून बघत नस हळूच बाजूला करतात आणि बाहेर आलेला तुकडाच काढतात. अख्खी गादी नाही. स्क्रू-रॉड लागतात ते मणका घसरलेला किंवा डळमळीत असेल तेव्हा. धोके आहेतच: नसांवरचं आवरण फाटून पाणी गळणं, जंतुसंसर्ग, क्वचित नसेला इजा. शंभरांत 5 ते 10 जणांची गादी त्याच जागी पुन्हा बाहेर येते. पण ‘लुळा होतोच’ ही निव्वळ थाप.

तीन महिने झोपून स्नायू मात्र नक्की सुकतील. एक-दोन दिवस आराम पुरे, मग हळूहळू चालायचं.

एमआरआयबद्दल मात्र मेसेज अर्धा खरा आहे, नाइलाजाने मान्य. 2015 साली अमेरिकन जर्नल ऑफ न्यूरोरेडिओलॉजीत 33 अभ्यासांचा आढावा आला. कंबर अजिबात न दुखणाऱ्या 3110 लोकांत, विशीतल्या 30 टक्के आणि ऐंशीतल्या 84 टक्के जणांची गादी फुगलेली दिसली. म्हणजे नुसत्या फिल्मवर ऑपरेशन सांगितलं तर दुसरं मत घ्याच. पायात उतरणारी कळही बहुतेकांची 6 ते 12 आठवड्यांत ऑपरेशनशिवाय बसते.

पण टाचांवर चार पावलं टाकून बघा. पाऊल खाली पडत असेल, चप्पल निसटत असेल तर नस कमजोर होतेय. मावशींचं हेच चाललंय, त्यांनी सोमवारचीही वाट बघू नये. आणि सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, लघवी अडकली किंवा नकळत व्हायला लागली, तर त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात. तिथे नसा मोकळ्या करायला हाताशी तास असतात, आठवडे नाहीत.