हाड मोडलं नाही, मग दुखतंय कशामुळं?

दर पावसाळ्यात हा मेसेज फिरतो. यंदा मला तो तीन ग्रुपांवर आला, त्यातला एक भिशीचा. मजकूर थोडक्यात असा: मनगट मुरगळलं तर एक्स-रे काढा. हाड शाबूत असेल तर हळद-चुन्याचा लेप लावा, जाणत्याकडून चोळून बसवून घ्या, आठ दिवसांत हात मोकळा. शंका राहिलीच तर एमआरआयमध्ये सगळं दिसतं. दुर्बिणीचं ऑपरेशन हा शहरातल्या डॉक्टरांचा धंदा, आणि केलंच तर दोन टाके, दहा दिवसांत माणूस कामावर.

मी अंबाजोगाईत फिजिओथेरपी करते. दिवाळीच्या तोंडावर केजकडचा एक ऊसतोड कामगार आला. आषाढात गाडी घसरली होती. ट्रॅक्टरच्या चाकांनी काळ्या रानातला चिखल डांबरावर आणून टाकला की आपल्याकडं काय होतं, ते सांगायला नको. पडताना तळहात टेकला. एक्स-रेत हाड नीट होतं, म्हणून लेप झाला, चोळणंही झालं. चार महिन्यांनी माझ्यासमोर बसून तो म्हणाला, "हाड मोडलं नाही म्हणले मॅडम, मग दुखतंय कशामुळं? कोयता धरला की हातातला जीवच जातोय."

एक्स-रेत हाडं दिसतात, लिगामेंट दिसत नाही. मेसेजचा सगळा डोलारा इथंच कोसळतो. मनगटात गोट्यांएवढी 8 हाडं आहेत आणि त्यांना एकमेकांशी बांधून ठेवतात ती लिगामेंटं. त्यातलं स्कॅफॉइड आणि ल्युनेट या दोन हाडांमधलं लिगामेंट तळहातावर पडल्यावर फाटू शकतं. ते पुरतं फाटलं तर दोन हाडांत फट पडते. पण ती फट हात सैल ठेवून काढलेल्या फोटोत बऱ्याचदा दिसतच नाही. मूठ घट्ट आवळून, दोन्ही हातांचे फोटो शेजारी ठेवून पाहावं लागतं. 3 मिलिमीटरच्या वर फट दिसली की संशय घ्यायचा. या माणसाकडं एकाच हाताचा, सैल मुठीचा फोटो होता. शिवाय 'हाड शाबूत' हेही पहिल्या दिवशी खात्रीचं नसतं. स्कॅफॉइडची बारीक चीर सुरुवातीला लपते, म्हणून अंगठ्याच्या मुळाशी खळग्यात दाबून दुखत असेल तर 10 ते 14 दिवसांनी फोटो पुन्हा काढतात.

करंगळीच्या बाजूला टीएफसीसी नावाची कूर्चेची गादी असते. ती दुखावली की जमिनीवर हात टेकून उठताना, ओलं लुगडं पिळताना कळ येते. तपासताना आम्हीही रुग्णाला खुर्चीवर हात टेकून उठायलाच लावतो.

लेपाशी माझं भांडण नाही. फार तर चुन्यानं कातडी भाजते. भांडण आहे ते झटका देऊन 'बसवण्याशी'. मोकळ्या झालेल्या हाडांना ओढलं की अर्धवट फाटलेलं पुरतं फाटायची भीती.

एमआरआय उपयोगाचा आहे, पण ही लिगामेंटं जेमतेम 2-3 मिलिमीटर जाडीची. अर्धवट फाटलेलं नजरेतून सुटून जातं. उलटंही होतं: उतारवयात टीएफसीसीला झिजून भोक पडलेलं असतं आणि माणसाला त्याचा काही त्रास नसतो. अशा वेळी रिपोर्टवर इलाज करायचा नाही, हातावर करायचा.

राहिली दुर्बीण. मनगटाची दुर्बीण 1.9 ते 2.7 मिलिमीटरची. बोटं जाळीच्या नळ्यांत अडकवून हात उभा टांगतात, ताण देऊन सांधा जरा उघडतात, मग मनगटाच्या पाठीकडच्या बाजूनं बारीक छिद्रांतून आत जातात. डॉक्टर बारीक हुकानं लिगामेंट ओढून बघतात: ताणलंय, फाटलंय की निखळलंय. याच्या 4 पायऱ्या ठरलेल्या आहेत. चौथ्या पायरीत फट एवढी मोठी असते की दुर्बीणच दोन हाडांमधून पलीकडं जाते. कूर्चा किती घासली हेही तिथंच दिसतं. म्हणजे दुर्बीण आधी तपासणी असते, मग ऑपरेशन. टीएफसीसीच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथं टाका घालता येतो. मधल्या भागाला तो नाही, तिथं नुसतं साफ करतात.

प्रत्येक मुरगळीला दुर्बीण लागत नाही, हेही खरं. साधी ताण आलेली लिगामेंटं पट्टी आणि विश्रांतीनं बरी होतात. गरज नसताना ऑपरेशन सुचवणारे भेटतात, तेव्हा मेसेज लिहिणाऱ्याचा राग मला कळतो. पण पुरतं फाटलेलं स्कॅफॉइडजवळचं लिगामेंट जागेवर शिवायचं तर पहिले काही आठवडेच हातात असतात. नंतर टोकं आखडतात, मग दुसरीकडचा स्नायूबंध आणून नवी बांधणी करावी लागते. काहीच केलं नाही तर वर्षानुवर्षं हाडं तिरकी घासत राहतात आणि सांधा झिजतो.

आणि ते दहा दिवस? छिद्रं तेवढ्यात भरतात, लिगामेंट नाही. शिवल्यावर हाडं तारांनी साधारण 8 आठवडे धरून ठेवतात, मग मनगटाला आधाराचा पट्टा, मग माझ्याकडचे व्यायाम. जोराचं काम चार-सहा महिन्यांनी.

हे सगळं मी त्याला सांगितलं. मुकादमाची उचल घेऊन झाली होती, बायकोनं बिऱ्हाड बांधलं होतं. त्यानं बोटांवर महिने मोजले.

"म्हणजे कारखान्याचा पट्टा पडेस्तोवर, हंगामभराचं काम गेलंच की."

"गेलंच," मी म्हणाले, आणि हाताच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली.