डाव्या कोपरातला जुना मनुष्य

माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी तीन आठवड्यांचा होतो. सैतानाचा त्याग करतोस का, असं फादरांनी विचारलं आणि माझ्या वतीने ‘होय’ म्हणाले माझे धर्मपिता, म्हणजे थोरले मामा. मामांनी सैतान सोडला, त्याची सगळी कृत्यं सोडली, त्याचा डामडौलही सोडला. त्यांचं काय जात होतं? ते जन्मभर वसईला केळीची वाडी करत राहिले. संध्याकाळची विरार फास्ट त्यांनी आतून कधी पाहिलीच नव्हती.

मी ती २२ वर्षं पाहतोय. चर्चगेटला चढतो, वसई रोडला उतरतो. मुंबईच्या कोटाच्या ज्या दरवाजातून सेंट थॉमस चर्चकडे वाट जायची, त्यावरून चर्चगेट हे नाव पडलं. कोट १८६० च्या दशकात पाडला, दरवाजाही गेला, नाव तेवढं राहिलं. तर असल्या पवित्र नावाच्या स्टेशनातून मी रोज पाप करायला निघतो.

पाप असं. विरार गाडीत बोरिवलीकराने चढायचं नसतं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण आमच्या डब्यात ते दहा आज्ञांच्या जरा वरच धरतात. त्याला त्याच्या हक्काच्या गाड्या आहेत. त्या सोडून तो आमच्यात घुसतो आणि कांदिवली मागे पडलं की “बोरिवली? बोरिवली उतरणार?” करत आतून सरकायला लागतो. तेव्हा दारातले आम्ही काहीही करत नाही. शिवी नाही, धक्का नाही. नुसते उभे राहतो. माझ्याकडे डाव्या कोपराचं काम असतं. डाव्या हाताने वरचं हँडल धरायचं आणि कोपर, डुलकी लागल्यासारखं, हळूच बाहेर काढायचं. ते बरोब्बर बोरिवलीकराच्या बरगडीला लागतं. मागे भजनी मंडळ रंगात आलेलं असतं. टाळवाले काका ठेका न चुकवता पाय आडवा घालतात. बोरिवली येते, जाते, आणि तो माणूस आमच्याबरोबर भाईंदरपर्यंत येतो. “बोरिवली गाडी पकडायची ना राव!” हे मी तेव्हा अगदी मायेने सांगतो. त्या क्षणी आतून जी गार झुळूक जाते, तशी वसईच्या खाडीवरसुद्धा लागत नाही.

मिळतं काय यातून? तो उतरला तर उलट मलाच चार बोटं जागा होईल. पण संत ऑगस्टिन सोळा वर्षांचे असताना दोस्तांबरोबर रात्री नासपती चोरायला गेले होते. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळं होती. चोरलेली बहुतेक डुकरांना घातली. पुढे बिशप झाले तरी ती फळं त्यांच्या डोक्यातून जाईनात. चोरली का? तर चोरण्यातली मजा म्हणून! हे वाचून मला फार धीर आला. याच ऑगस्टिनांनी तरुणपणी प्रार्थना केली होती, देवा, मला संयम दे, पण लगेच नको. मीही तेच मागत आलोय. दे, पण भाईंदर गेल्यावर दे.

२०२६ साली राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारीला आला. आदल्या शनिवारी मी कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, गेलो. माझी यादी दरवर्षी तीच असल्याने मला पाठ आहे. ‘क्रोध’ म्हणून पुढच्या पापाकडे वळणार, एवढ्यात जाळीपलीकडून फादर म्हणाले, “क्रोध कोणावर?”

“लोकांवर, फादर.”

“कुठल्या?”

“बोरिवलीच्या.”

जाळीपलीकडे जरा शांतता पसरली. (फादरांना यातलं एक अक्षर बाहेर बोलता येत नाही. मला येतं.)

“तीन ‘नमो मरिया’ म्हणा,” फादर म्हणाले, “आणि उपवासकाळात रोज एका बोरिवलीकराला उतरायला वाट करून द्या. या वर्षी नुसतं मटण सोडून भागणार नाही.”

शेवटचं वाक्य झोंबलं. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात. हा नियम ज्याने केला त्याने अर्नाळ्याचे बोंबील खाल्ले नसावेत. आमच्याकडे शुक्रवारचं प्रायश्चित्त रव्यात घोळून तव्यावर पडतं. त्या शुक्रवारी बायकोने झारा हातात धरून विचारलं, “अहो, अजून एक प्रायश्चित्त वाढू का?” मी दोन घेतली.

मग कॅलेंडर काढून पळवाट शोधली. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. त्यातले ६ रविवार धरत नाहीत, म्हणून ४०. म्हणजे रविवारी सूट! पण रविवारी मी गाडीतच नसतो. हातात आलेली सूट अशी वाया गेली.

पहिल्या दिवशी सकाळच्या मिस्साला कपाळावर राख घेतली. ही राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून करतात. तू माती आहेस आणि मातीला मिळशील, हे ऐकून मी दिवसभर खरोखर नरम होतो. संध्याकाळी गाडीत टाळवाले काका म्हणाले, “कपाळाला ग्रीस लागलंय तुमच्या,” आणि आपल्या रुमालाने पुसून मोकळे झाले. कांदिवली गेलं. बॅग पोटाशी धरलेला एक पोरगा सरकत आला. मी काही ठरवलं नव्हतं, पण कोपर आपसूक बाहेर निघालं. आपल्यातल्या पापी माणसाला ‘जुना मनुष्य’ म्हणणाऱ्या संत पौलाने रोमच्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहिलंय, माझ्या अवयवांत मला निराळाच नियम दिसतो, तो माझ्या मनाच्या नियमाशी लढतो. अवयव कोणता ते पौल सांगत नाही. मी सांगू शकतो. शेवटी उजव्या हाताने डावं कोपर दाबून धरलं आणि पोरगा उतरला. येशूला दगा देणाऱ्या यहूदा इस्कार्योताकडे बाकीच्या अकरा शिष्यांनी पाहिलं नसेल, तसं काकांनी माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या आठवड्यात मात्र मला चव लागली. कांदिवलीच्या आधीच मी गरजायला लागलो, “उतरू द्या त्यांना! माणुसकी आहे की नाही?” गर्व हे सात प्रमुख पापांतलं पहिलं, हे मला ठाऊक होतं, पण कन्फेशनमध्ये मी क्रोध सांगितला होता, गर्वाचा विषयच निघाला नव्हता. फोनमध्ये आकडा टिपून ठेवत होतो. चौदा झाले.

आणि पंधराव्या दिवशी कोणी उठेचना. अंधेरी गेली, गोरेगाव गेलं, मालाड गेलं, सगळे ढिम्म. मी दार सोडून आत शिरलो आणि एकेकाला विचारत सुटलो, “बोरिवलीला उतरायचंय का?”

“विरार,” एक जण दचकून म्हणाला.

“नक्की?”

बोरिवली आली, गेली. मला असा काही संताप आला! एरवी डबा भरून येतात, आणि गरज असते तेव्हा एक माणूस सापडत नाही. ही काय पद्धत झाली? बोरिवलीकरांना मनातल्या मनात जे जे म्हणालो, ते इथे लिहीत नाही. पहिले पाढे पंचावन्न.

ईस्टरच्या आदल्या रात्री देवळातले दिवे मालवतात, प्रत्येकाच्या हाती मेणबत्ती देतात आणि बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा विचारतात. मामा आता नाहीत, तेव्हा उत्तर माझं मलाच द्यायचं होतं. सैतानाचा त्याग करता का? होय. त्याच्या सर्व कृत्यांचा? मी ‘होय’ म्हणायला आणि मेणाचा थेंब बोटावर पडायला एक गाठ पडली, त्यामुळे आवाज जरा मोठाच निघाला. शेजारची बाई कौतुकाने बघायला लागली.

सोमवारी, ६ एप्रिलला, काकांनी दारातली माझी जागा राखून ठेवली होती.

“संपलं का तुमचं ते?”

“संपलं.”

काकांनी समाधानाने टाळ काढले. कांदिवली गेलं. मागून खांद्यावर बोट टेकलं. “काका, बोरिवली?”

मी हात वर केला. आता हँडल तर धरायलाच हवं ना, नाही तर माणूस पडेल.