अळू सोडून सगळं

पुण्याचा मे म्हणजे भट्टी, हे गृहीत धरून २०२५च्या एप्रिलमध्ये मी गॅलरीत जय्यत तयारी केली. हिरवी जाळी, ओली गोणपाटं, कुंड्यांखाली पाण्याच्या थाळ्या आणि ओल टिकावी म्हणून मातीत सढळ हातानं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा.

मग निम्म्या मेपासून जो पाऊस लागला तो लागलाच. मान्सूनही २६ मेलाच पुण्यात हजर, एरवी १० जूनच्या आसपास येणारा! जाळी काढेपर्यंत गॅलरीचं कोकण झालं होतं.

मला वाटलं, ट्रॉपिकल झाडं, मजा करतील. मॉन्स्टेरानं केलीही. पण हवाच इतकी दमट की पानांतून पाणी उडेना, कुंड्या वाळेनात आणि मुळांना श्वास घ्यायला जागा उरेना. अँथुरियमच्या पानांवर काळे ठिपके आले. पानांचा रस शोषणारे बारीक लाल कोळी गेले म्हणून खूश होतो, तर मातीतून बारीक माश्या उठल्या आणि थेट चहात उतरल्या.

सगळ्यात लाडकं अ‍ॅडेनियम. येमेनमधल्या एडनच्या नावाचं, म्हणजे कोरड्या मुलखातलं बाळ. त्याची पानं पिवळी पडून गळायला लागली तेव्हा आई म्हणाली, "अरे, जुलाब झालेत का त्याला?" मी त्याचा तो गरगरीत बुंधा हलकेच दाबला. बोट आत गेलं! पिकल्या पेरूत जातं तसं. वास मात्र पेरूचा नव्हता.

नर्सरीवाले मामा फोनवर म्हणाले, "पाणी किती घालता?"

"मी नाही घालत, वरून पडतंय."

"मग आत घ्यायचं ना, साहेब."

घेतलं. उरलेली तेरा झाडं हॉलमध्ये, पंख्याखाली. पाहुणे आले तर घाम पुसत कोपऱ्यात, वारा झाडांना. कुजका भाग कापून दालचिनीची पूडही चोपडली. अ‍ॅडेनियम गेलं ते गेलंच, वर आईचा मसाल्याचा डबा रिकामा केल्याचं बोलणं खाल्लं.

या सगळ्यात मोरीच्या पाइपाखाली, फुटक्या बादलीतला अळू छत्रीएवढा झाला होता. ना जाळी, ना कोकोपीट. आईनं त्याची पानं खुडली, देठी सोलली, हरभऱ्याची डाळ, दाणे, चिंच-गूळ घालून फदफदं केलं. मी दोनदा वाढून घेतलं. हात धुवायला उठलो तर अ‍ॅडेनियमच्या साडेचारशे रुपयांच्या कुंडीत, मला न विचारता, अळूचा कंद खोचलेला.