नळ तर आलाय ना!

ग्रामसभेला कागदपत्रं घेऊन जाणारी माणसं दिसली की मला त्यांची कीव येते. आमच्या गावच्या गेल्या सभेत एक काका पाण्याची दीड वर्षाची बिलं फायलीत ओळीने लावून आले होते. उभे राहून म्हणाले, "आमच्या वाड्यावर नळ येत नाही." पंच शांतपणे म्हणाले, "नळ तर आलाय ना! दोन वर्षं झाली जोडून." सभा हसली. काका बसले. फाईल उघडलीच गेली नाही.

तेव्हा वाद जिंकायचा असेल तर काकांच्या नादी लागू नका, पंचांकडे शिकवणी लावा. त्यांनी जे केलं त्याला गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, वाक्‌छल म्हणतात. त्याचं परंपरेने चालत आलेलं उदाहरण असं: एकजण म्हणतो, हा मुलगा 'नवकंबल' आहे, म्हणजे याची घोंगडी नवी आहे. दुसरा म्हणतो, नऊ कुठे, मला तर एकच दिसते! संस्कृतात 'नव' म्हणजे नवं आणि नऊही. आमच्याकडे 'नळ' म्हणजे पाणी आणि पाइपही. पंचांनी न्यायसूत्रं वाचली असतील असं मला वाटत नाही. उपजतच असावं.

शब्द पकडता आला नाही तर समोरच्याचं म्हणणं बदलून घ्या. तो विचारेल, रस्ता रुंद करताना माडांची ओळ वाचवता येईल का? तुम्ही आवाज चढवून विचारा, "म्हणजे आजारी माणसाने घरातच मरायचं? रुग्णवाहिका यायला नको?" माड बाजूला राहतात आणि तो बिचारा आपण रुग्णवाहिकेच्या विरोधात नाही हे पटवत बसतो. तोवर चहा येतो.

आणि पर्याय नेहमी दोनच ठेवा. तिसरा दिसला तर त्यावर चटई टाकून बसा. गोव्याला याची सवय जुनी. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात चिन्हं दोनच होती. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश. पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. स्वतंत्र राज्य ही तिसरी गोष्ट त्या कागदावर नव्हती. ती यायला ३० मे १९८७ उजाडला. कौल घ्यायचा म्हणजे प्रश्न आखूनच विचारावा लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण आम्ही ती मतपत्रिका घरी घेऊन आलो ते आजतागायत परत केलेली नाही. विकास की झाडं? कॅसिनो की बेकारी? कोकणी की मराठी? आमच्या घरात आरती मराठीत होते आणि आरतीला उशीर का झाला यावरचं भांडण कोकणीत. १९८७ च्या राजभाषा कायद्यालाही कोकणीला राजभाषा करताना मराठीला सरकारी कामात जागा ठेवावी लागली. वादात मात्र एवढी सवलत देऊ नका. माणूस दोन दरडींवर पाय ठेवून उभा दिसला की मधला साकव काढून घ्यायचा.

त्या कौलाचा दुसराही उपयोग आहे. कचऱ्याची गाडी तीन आठवडे का आली नाही, असं मी एकदा विचारलं. उत्तर मिळालं, "तुमच्या आजोबांनी फुलाला मत दिलेलं ना?" दिलेलं. माझा जन्म १९७४ चा. पण प्रश्न कचऱ्यावरून माझ्या घराण्यावर गेला आणि कचरा होता तिथेच राहिला.

घराणं निष्कलंक निघालं तर 'खरा गोंयकार', म्हणजे अस्सल गोवेकर, काढा. माझा आवडता डाव. "खरा गोंयकार आपली जमीन विकत नाही." अहो, तुमच्याच चुलतभावाने डोंगराकडचा तुकडा दिल्लीवाल्याला दिला की! "तो कसला खरा गोंयकार?" झालं. आता हे विधान ब्रह्मदेवालाही खोटं पाडता येणार नाही, कारण ते खोटं पाडणारा प्रत्येकजण त्यातून आपोआप गळतो. नुस्तें म्हणजे मासळी न खाणारा गळला, मराठी पेपर वाचणारा गळला, चतुर्थीला गावी न येणारा गळला. शेवटी चाळणीत बोलणारा एकटाच उरतो, आणि त्याचाही मुलगा पोर्तुगीज पासपोर्टच्या कागदांमागे असतो.

श्रेय घ्यायचं असेल तर पंचांग बघून घ्या. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस ट्रॉलर धक्क्याला बांधलेले असतात आणि बाजारात बांगड्याकडे बघवत नाही. ऑगस्टमध्ये बोटी समुद्रात जातात, भाव खाली येतो. तुम्ही ३० जुलैला मासळीच्या महागाईवर एक मोर्चा काढा. पंधरा दिवसांनी "आमच्या लढ्याला यश" म्हणून फलक लावा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते हे सगळ्यांना ठाऊक असतं. कावळ्याने फक्त फलक लावायला उशीर करू नये.

एवढ्यावरही कोणी तुमची चूक बिनतोड दाखवलीच, तर मान्य करा आणि विचारा, "तुमच्या वेळी काय होतं?" याला 'मतानुज्ञा' असं भारदस्त नाव आहे. न्यायसूत्रांत २२ निग्रहस्थानं सांगितली आहेत, म्हणजे जिथे पोचलं की माणूस हरला असं समजायचं; त्यातलं हे एक. 'मला जरा काम आहे' म्हणून सभेतून उठून जाणं हे दुसरं, त्याचं नाव विक्षेप. गौतमाने ज्याला हार म्हटलं ती आमची मंडळी गळ्यात घालून घेतात आणि पुढच्या उद्‌घाटनाला निघतात. वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार त्या ग्रंथात आहेत: वाद खरं शोधायला, जल्प जिंकायला, आणि वितंडा स्वतःचं काही न मांडता दुसऱ्याचं नुसतं खोडायला. मराठीने रोजच्या बोलण्यासाठी त्यातला तिसरा निवडला आणि त्यालाच वाद जोडून टाकला, वितंडवाद.

ही नावं तुम्ही जरूर पाठ करा. मी केली होती. गेल्या मे महिन्यात मेव्हणा म्हणाला, पावसाआधी विहीर उपसून घ्या. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "आमचे बाबा दर मेमध्ये उपसायचे." मी ताटावरच त्याला सांगितलं की वाडवडील करत आले म्हणून एखादी गोष्ट बरोबर ठरत नाही, हा शुद्ध तर्कदोष आहे. त्याला दुसरं कारण देता आलं नाही. सोलकढी न पिताच तो उठला. मी जिंकलो.

जुलैत विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. मेव्हण्याचं कारण लंगडं होतं, गाळ मात्र होताच.

तेव्हापासून आमचं घर नळावर आहे, आणि आमच्याकडे पाणी पहाटे तीनला येतं. परवा बायकोने हलवून उठवलं, "अहो, उठा, नळ आला." मी कूस बदलत म्हणालो, "तो तर केव्हाच आलाय, दोन वर्षं झाली जोडून." तिने वाद घातला नाही. रिकामी कळशी माझ्या पोटावर ठेवली आणि दिवा लावला.