बदकाची शिकवणी

लहान मुलांना बदक खेळातून शिकवावे, असा सल्ला देणाऱ्यांनी स्वतः कधी कोरड्या फरशीवर गुडघे टेकून पोहून पाहिलेले नसते, असे माझे ठाम मत झाले आहे. आमची जुळी नातवंडे अडीच वर्षांची आहेत आणि मी निवृत्त आहे. एवढी पात्रता सूनबाईंना पुरेशी वाटली.

बदकाच्या चोचीच्या कडांना बारीक दात्यांसारखी रचना असते, त्यांतून पाणी निथळते आणि खाद्य तेवढे आत राहते, हे दाखवण्यासाठी मी परातीत पाणी घेऊन त्यावर कोथिंबीर सोडली आणि चहाची गाळणी मुलांच्या हाती दिली. पाणी माझ्या लेंग्यावर निथळले, आणि दुपारचा चहा आम्ही चोथ्यासकट प्यायलो. पुढे आवाजाचा धडा आला. बहुतेक पाळीव बदकांत मोठ्याने ओरडते ती मादी. नराचा आवाज घोगरा आणि बेताचा असतो. नातीने पहिला भाग इतका मनापासून उचलला, की खालच्या मजल्यावरून चौकशी आली. नराचे काम अर्थातच माझ्याकडे होते आणि त्यासाठी घसा मुद्दाम बसवण्याची गरज उरली नव्हती.

प्रत्यक्ष दर्शनासाठी दोघांना रंकाळ्यावर नेले. तिथे हळदी-कुंकू बदकांची जोडी होती : चोचीच्या टोकाला पिवळा रंग, मुळाशी तांबडे ठिपके, बाकी अंग तपकिरी. नातवाने क्षणभर निरखून निकाल दिला, "आबा, हे बदक न्हाई. बदक पिवळं असतंय." प्लास्टिकच्या खेळण्याने घडवलेल्या या मतापुढे माझा इलाज चालेना. तेवढ्यात एका बदकाने खाद्यासाठी डोके पाण्यात घालून शेपटी वर केली, तेव्हा नात कळवळून म्हणाली, "पडलं!" आणि तिला गप्प करायला भेळ घ्यावी लागली.

खरा रुजला तो तेलाचा धडा. बदकाच्या शेपटीच्या बुडाशी तेलाची ग्रंथी असते, ते तेल ते चोचीने पिसांवर फिरवते. पिसांची घट्ट वीण आणि हे तेल यांमुळे पाणी आत शिरत नाही. मी पुठ्ठ्याच्या एका तुकड्याला खोबरेल चोळले, दुसरा कोरडा ठेवला आणि दोन्हींवर पाणी शिंपडले. मुले प्रथमच गप्प बसून पाहत राहिली, तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी खोबरेलाची बाटली अंगावर रिती करून, आता पाणी लागत नाही, सबब आंघोळ नाही, असे जाहीर केले. "आबा, आता तुम्हीच उतरवा हे," एवढेच बोलून सूनबाईंनी डाळीच्या पिठाचा डबा पुढे सरकवला. मी पहिला तांब्या ओतला. पाणी खरोखरच त्यांच्या पाठीवरून घरंगळून गेले, आणि दोघांनी माझ्याकडे, 'सांगितलं नव्हतं?' अशा नजरेने पाहिले.