टँकमधलं मीठ आणि काकांची जीभ

सोसायटीच्या स्विमिंग टँकच्या उथळ बाजूला आज सकाळी पहिलं पोतं फोडलं आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका आलेच. जुळे सोलापुरात पोत्याचा आवाज फार लांब जातो.

"काय टाकायलाव ओ?"

"मीठ."

"लोणचं घालायलाव काय?"

हिशोब सरळ आहे. टँक ८० हजार लिटरचा. बोअरच्या कृपेनं पाण्यात मीठ आधीच ८०० पीपीएम, मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या मशीनला हवं ३२००. एक पीपीएम म्हणजे हजार लिटरला एक ग्रॅम, म्हणजे लागणार १९२ किलो. २५ किलोची सहा पोती आज, उरलेलं उद्या पुन्हा मोजून. मीठ विरघळेपर्यंत सेल (मशीनमधला क्लोरीन तयार करणारा भाग) बंद, पंप मात्र २४ तास चालू, तळाशी बसलेलं ब्रशनं हलवत राहायचं. स्किमरमध्ये, म्हणजे वरचा कचरा ओढणाऱ्या कडेच्या तोंडात, ओतायचं नाही, दाट खारं पाणी थेट सेलवर जातं.

काकांनी तोवर खोल बाजूला जाऊन बोट बुडवलं, चाटलं, डोळे मिटले.

"अळणी हाय."

अळणीच लागणार. मीठ पलीकडच्या टोकाला तळाशी बसलेलं. आणि सगळं विरघळलं तरी समुद्राच्या दशांशाहून कमीच भरतं. जिभेला जेमतेम कळतं.

"आयोडीनवालं हाय न्हवं?"

"नाही. शुद्ध मीठ लागतं. घरच्या मिठात ते मोकळं राहावं म्हणून काहीबाही घातलेलं असतं, त्यानं डाग पडतात."

"मग पोरांना गलगंड झाला तर?"

पोरांनी टँकचं पाणी प्यायचं नसतं, एवढंच म्हणालो. सेल याच मिठापासून क्लोरीन बनवतो, क्लोरीनचं काम झालं की त्याचं पुन्हा मीठ होतं, हेही सांगून पाहिलं. मे महिन्यात पाणी उडतं, मीठ जागेवरच राहतं. ते कमी होतं फक्त बॅकवॉश (उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं), गळती आणि उड्या मारणाऱ्यांमुळे.

"अन् जास्त झालं तर? आमी आमटीत कणकेचा गोळा सोडतो."

इथं गोळा चालत नाही. टँकमधलं पाणी काढून टाकायचं आणि नवं भरायचं, दुसरा इलाज नाही. ज्या गावात नळाच्या पाण्याची चार-चार दिवस वाट बघतात, तिथं हजारो लिटर गटारात सोडायचे! म्हणून तर मी एकदम ओतत नाही. पण मोजून टाकणाऱ्याला सोलापुरात चोर समजतात.

दुपारी ग्रुपवर काकांचा मेसेज: 'मीठ १९२ किलोचं सांगितलं, टाकलं १५०. पाणी अळणी. कुठंतरी पाणी मुरतंय.' खाली अकरा अंगठे. त्यातले सात जण टँककडे कधी फिरकत नाहीत.

कमिटीनं उरलेल्या दोन पोत्यांपाशी वॉचमन बसवलाय. पोरं ओल्या कडेनं पळतात, तिथं माणूस द्या म्हणून मी केव्हापासून सांगतोय. त्याला बजेट नव्हतं.